उजेड कुणाच्या पायावर

आमच्या टॉकीजमध्ये अंधारात लोकांना खुर्चीपर्यंत नेऊन सोडायचं काम माझी मावशी करायची. तिला सगळे बॅटरीमावशी म्हणायचे. मॅनेजर म्हणायचा, ऑपरेटर म्हणायचा, इतकंच काय, नेहमी येणारे प्रेक्षकही म्हणायचे. खरं तर ती माझी सोडून कुणाचीच मावशी नव्हती, आणि मी त्या नावानं हाक मारलेली मात्र तिला खपायची नाही. "घरात मी बॅटरी घेऊन फिरते का?" असं विचारायची.

आई गेली तेव्हा मी शाळेत होते. मावशीनं मला आपल्या दोन खोल्यांत आणलं आणि पुढचं सगळं केलं. 'माय मरो, मावशी जगो' असं लोक सहज बोलून जातात. माझ्या बाबतीत ते अक्षरशः तसंच घडलं, त्यामुळे ती म्हण कुणी चेष्टेत वापरली की मला राग येतो. मला राग एकूणच लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. शाळा संपल्यावर मावशीनंच मला टॉकीजच्या तिकीट खिडकीवर चिकटवलं. मी उजेडात बसून तिकिटं द्यायची आणि ती अंधारात त्या तिकिटांच्या खुर्च्या शोधून द्यायची, अशी आमची वाटणी होती.

टॉकीज जुनी. खुर्च्यांच्या मधून पायऱ्यापायऱ्यांची वाट पडद्यापर्यंत उतरत जायची, आणि पायऱ्या अशा की एकीचं दुसरीशी पटत नाही. कुठे पसरट, कुठे अरुंद, आणि मध्ये एक आडवी मोकळी वाट, जिथे हात टेकायला खुर्चीही नाही. या सगळ्या वाटेनं मावशी उलटी चालायची. म्हणजे प्रेक्षकाकडे अर्धं वळून, त्याच्या एक पायरी खाली, हात खाली सोडून बॅटरी त्याच्या पायापुढे धरून. तिचे नियम ठरलेले होते. उजेड प्रेक्षकाच्या पायाच्या अर्धं पाऊल पुढे पडला पाहिजे. त्याच्या तोंडावर नाही, पडद्याच्या दिशेनं नाही, आणि स्वतःच्या पायावर तर मुळीच नाही. डोअरकीपर स्वतःच्या पायावर बॅटरी मारायला लागला की त्यानं घरी बसावं, असं ती म्हणायची.

कामावर कुणी नवीन आलं की ती त्याला रिकाम्या हॉलमध्ये डोळे मिटून वरपासून खालपर्यंत चालायला लावायची. मध्ये डोळे उघडले की पुन्हा वरून सुरुवात. कुणी कुरकुर केली तर म्हणायची, "अंधारात डोळे पाहुणे, पाय घरचे. पाहुण्याच्या भरवशावर घर चालवायचं नसतं." ही म्हण तिनं स्वतःच तयार केली होती, पण सांगायची अशी की जणू पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

पडद्याकडे तिची कायम पाठ. सगळ्या सिनेमांचे संवाद तिला तोंडपाठ होते आणि एकाही नटाचा चेहरा माहीत नव्हता. एकदा बाहेरच्या पोस्टरकडे बघून तिनं मला विचारलं की हा पडेल चेहऱ्याचा माणूस कोण. तो त्या सिनेमाचा नायक होता आणि सिनेमाचा चौथा आठवडा चालू होता.

तर अशा बाईचा एके दिवशी सकाळी बेसिनपाशी तोंड धुताना तोल गेला. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि ती सरळ पुढे गेली. कपाळ नळावर आपटलं. तिनं साबणाला शिव्या घातल्या. पुढच्या आठवड्यात स्वेटर घालताना, डोकं स्वेटरच्या आत असतानाच, ती पलंगावर आडवी झाली. तेव्हा दोष स्वेटरच्या गळ्याला लागला. मग एकदा ती बाजारातून एकाच पायात चप्पल घालून आली. दुसरी कुठे पडली ते तिला माहीत नव्हतं. मुळात पडली हेच माहीत नव्हतं. "चप्पल विसरलीस ते ठीक, पाय आणलास ना?" असं मी म्हटलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. चप्पल जिन्यात सापडली.

टॉकीजमध्ये मात्र तिनं मॅनेजरला विचारलं की हॉलमध्ये नवा गालिचा कधी टाकला. मॅनेजर सारखा मनगटाकडे बघत बोलायचा, म्हणून त्याला आम्ही घड्याळसाहेब म्हणायचो. तो म्हणाला, कसला गालिचा, जुनाच फाटतोय. मावशीचा विश्वास बसला नाही. तिचं म्हणणं, पायाखाली मऊ लागतंय, कापसावरून चालल्यासारखं. दिवे लागल्यावर तिनं वाकून स्वतःच्या हातानं गालिचा चाचपला. तो तसाच होता, झिजून झिजून दोरे वर आलेला. त्या दिवशी तिनं माझ्याशी दोनदा विनाकारण भांडण काढलं.

मग तक्रार आली. आमच्याकडे काठी टेकत येणारे एक आजोबा होते. सिनेमा कुठलाही असो, ते यायचेच. मावशी त्यांना नेत असताना ते आडव्या वाटेच्या पायरीवर अडखळले. स्वतः काही बोलले नाहीत, पण मागच्या रांगेतली एक बाई तडक मॅनेजरच्या खोलीत गेली. तुमची ही बाई बॅटरी स्वतःच्या पायावर धरून चालते, म्हाताऱ्या माणसानं काय अंधारात चाचपडायचं, असं तिनं सुनावलं. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं. मी तिच्याशी भांडायला उठणार होते, तेवढ्यात मावशी दारात दिसली. तिनं ऐकलं होतं. ती नाही म्हणाली नाही.

घरी आल्यावर ती बराच वेळ पाय समोर पसरून त्यांच्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "बघितलं नाही तर पाय कुठे आहे ते कळत नाही गं मला."

मला भीती वाटली. भीती वाटली की मी आवाज चढवते, तसा चढवला, आणि दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या, शांत बोलायच्या. त्यांनी मावशीला आडवं झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि तिच्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरून हळूच वर किंवा खाली करायला लागल्या. कुठे नेला ते तिनं सांगायचं. मावशी ठणकावून म्हणाली, वर. अंगठा खाली होता. मग म्हणाली, खाली. या वेळी अंगठा हलवलाच नव्हता. मग पुन्हा वर, पुन्हा चूक. आवाजात जराही शंका नाही. लोकांना अंधारात 'डावीकडून चौथी' सांगायची तोच हा आवाज होता. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

मग डॉक्टरबाईंनी तिला पाय जुळवून उभं राहायला सांगितलं. उभी राहिली, छान. डोळे मिटायला सांगितले तर फळी कलंडावी तशी ती एका अंगाला गेली. आम्ही दोघी तयारीत होतो म्हणून सावरलं.

डॉक्टरबाईंनी साधं करून सांगितलं. माणूस उभा राहतो तो तिघांच्या जिवावर. एक डोळे, दुसरं कानाच्या आतलं तोलाचं यंत्र, आणि तिसरी पायांकडून वर जाणारी खबर, की तळवा कशावर टेकलाय, घोटा किती वळलाय, गुडघा कुठे आहे. मावशीच्या रक्तात एक जीवनसत्त्व फार दिवसांपासून कमी पडत होतं, तिचं पोट ते शोषूनच घेत नव्हतं, आणि त्यामुळे खबर नेणाऱ्या नसा सुकल्या होत्या. पायात जोर होता, पण पायांची खबर येत नव्हती. ते काम आता डोळे करत होते, म्हणून ती पायांकडे बघत चालत होती. इंजेक्शनांनी दुखणं तिथेच थांबेल, गेलेलं थोडंफार परत येईल किंवा येणारही नाही. तोवर डोळे मिटून उभं राहायचं नाही, तोंड बसून धुवायचं, आणि अंधारात चालायचं नाही.

"माझं कामच अंधारातलं आहे," मावशी म्हणाली.

डॉक्टरबाईंनी चिठ्ठी लिहिता लिहिता वर बघितलं आणि मग दुसरं काम बघा असं अगदी हळू सांगितलं.

घड्याळसाहेब वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, मावशी, मी तुम्हाला काढत नाही, खिडकीवर बसा. मावशी म्हणाली, खिडकीवर माझी भाची आहे, मी काय तिच्या मांडीवर बसू? हिला हॉलमध्ये घेतो, तो म्हणाला. तेव्हा तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हॉल तिचा होता. त्या काळोखात ती तरुणीची प्रौढ झाली होती, आणि आता पायांनी फितुरी केली म्हणून तिनं काचेमागे बसून सुटे पैसे मोजायचे, हे तिला मरणाहून वाईट वाटत होतं. तसं तिनं बोलूनही दाखवलं. शेवटी तिनंच अट घातली. रविवारचा तीनचा शो, हॉल भरलेला. त्या शोत कुणी अडखळलं नाही, कुणाची तक्रार आली नाही, तर हॉल तिच्याकडेच राहणार. नाहीतर ती बॅटरी आणून टेबलावर ठेवणार. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि हो म्हटलं.

पहिली अक्कल मी चालवली. दुकानातून अंधारात चमकणारी रेडियमची पट्टी आणली आणि तिच्या काळ्या बुटांवर चिकटवली. म्हटलं, बॅटरी लोकांच्या पायावर धर, तुझे बूट तुला आपोआप दिसतील. घरातले दिवे घालवले, खिडकीवर चादर टाकली. जमिनीवर दोन हिरवे बूट चमकायला लागले. मला माझं फार कौतुक वाटलं. मग ते बूट डुलायला लागले.

"बूट दिसतायत गं," काळोखातून मावशीचा आवाज आला. "पण मी कुठे आहे?"

मी दिवा लावला तेव्हा ती टेबलाला धरून उभी होती. बूट दिसून भागत नव्हतं. बुटांच्या वरची सगळी मावशी कुठे कलतेय हे कळायला भिंत दिसायला हवी होती, दार दिसायला हवं होतं, काहीतरी सरळ उभं दिसायला हवं होतं. पट्टी मी काढून टाकली. तिचा डिंक मात्र बुटांवर राहिला आणि त्याला धूळ चिकटून बूट कायमचे मळकट झाले.

शनिवारी सकाळी आमच्या ऑपरेटरकाकांनी रिकाम्या हॉलमध्ये तिच्यासाठी रविवारचाच सिनेमा लावला. ते तिच्याबरोबरच नोकरीला लागलेले, तेव्हा विचारायची गरज नव्हती. पडद्याच्या उजेडात खुर्च्यांच्या रांगा दिसत होत्या, भिंती दिसत होत्या, आणि मावशी मधल्या वाटेत बऱ्यापैकी उभी राहिली. उजेडासाठी तिला पडद्याकडे तोंड करावं लागत होतं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच सिनेमा बघत होती. नायकाला बघून म्हणाली, आवाजावरून हा बरा वाटायचा.

मग पडद्यावर जहाज आलं. वादळाचा प्रसंग होता. समुद्र एका बाजूला उचलला गेला, डेक तिरका झाला, आणि त्याच्याबरोबर मावशीही तिरकी होत गेली. जहाज कललं तशी ती कलली आणि शेवटच्या क्षणी तिचा हात बाजूच्या खुर्चीला लागला म्हणून वाचली. आम्हा बाकीच्यांना काही झालं नाही. आमचे पाय सांगत होते की जमीन जागेवर आहे. तिच्याकडे डोळ्यांखेरीज दुसरा मोठा साक्षीदार नव्हता, आणि डोळे सांगत होते की जहाज बुडतंय.

"जहाज हललं का मी?" तिनं विचारलं.

"तू. जहाज रोजच हलतं," काका वरच्या खिडकीतून म्हणाले.

पण तिचा हात खुर्चीच्या पाठीवर होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. मग तिनं हात उचलून फक्त एक बोट टेकवलं, नुसतं, भार न टाकता. काकांना वादळ पुन्हा लावायला सांगितलं. समुद्र उचलला गेला, डेक तिरका झाला, मावशी सरळ. बोट काढलं की ती कलायची, टेकवलं की थांबायची. तिच्या हातांची खबर अजून शाबूत होती. बोटाला कळत होतं की खुर्ची हलत नाही, आणि तेवढ्यावर बाकीचं अंग विश्वास ठेवत होतं. सकाळभर ती एका हातात बॅटरी धरून आणि दुसऱ्या हाताचं बोट खुर्च्यांच्या पाठींवरून फिरवत वरखाली करत राहिली. प्रश्न फक्त मधल्या आडव्या वाटेचा होता, कारण तिथे खुर्ची नाही. तेवढी तीन-चार पावलं दारावरच्या लाल दिव्याकडे नजर लावून तिनं काढली. जमलं. घरी येताना ती गाणं गुणगुणत होती.

रविवारी मी खिडकी बंद केली आणि मागच्या दारापाशी जाऊन उभी राहिले. हॉल गच्च. उशिरा येणाऱ्यांना तिनं एकामागून एक पोचवलं, उजेड त्यांच्या पायापुढे, अर्धं पाऊल, पूर्वीसारखा. तिचं बोट खुर्च्यांवरून सरकताना फक्त मला दिसत होतं. वादळ आलं आणि गेलं. घड्याळसाहेब येऊन बघून गेले. मध्यंतरही झालं. मला वाटलं, जिंकलो.

मध्यंतरात बाहेर गेलेले काठीवाले आजोबा उशिरा परत आत आले. मावशी त्यांना घेऊन उतरायला लागली. ती दोघं आडव्या वाटेवर पोचली आणि वीज गेली. पडदा गेला, आवाज गेला, दारावरचा लाल दिवाही गेला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. जनरेटर सुरू व्हायला वेळ लागणार होता. त्या सगळ्या काळोखात एकच उजेड होता, मावशीच्या बॅटरीचा. त्या गोलात मला आजोबांचे बूट आणि काठीचं टोक दिसत होतं.

उजेड तिच्या पायांवर वळेल म्हणून मी वाट बघत होते. वळव, वळव असं मी मनात म्हणत होते. तो वळला नाही. आजोबांच्या पायापुढे अर्धं पाऊल, जिथे असायला हवा तिथेच राहिला. थोडा थरथरला, मग स्थिर झाला. बूट पुढे सरकले, काठी सरकली, पायरी आली, उतरली. जनरेटर सुरू होऊन पडदा उजळला तेव्हा आजोबा आपल्या खुर्चीत बसत होते आणि मावशीचं बोट बाजूच्या खुर्चीवर होतं. मी दाराला टेकून रडले. कुणी बघितलं नाही, अंधाराचा तेवढा उपयोग होतोच.

शो सुटल्यावर आजोबा स्वतः मॅनेजरच्या खोलीत गेले आणि या बाई होत्या म्हणून आज मी पोचलो असं सांगून गेले. घड्याळसाहेब इतके खूश की घड्याळाकडे बघायचं विसरले. म्हणाले, मावशी, ठरलं, हॉल तुमचा.

मावशीनं बॅटरी टेबलावर ठेवली.

"दिवे गेले तेव्हा मी पडत होते," ती म्हणाली. "त्यांनी माझं कोपर धरलं. त्यांना वाटलं ते माझा आधार घेतायत. हात त्यांचा होता म्हणून मला कळलं सरळ कुठे आहे ते. आज मी त्यांना नेलं नाही साहेब, त्यांनी मला नेलं."

साहेब म्हणाले की कुणी बघितलं नाही, कुणी पडलं नाही, तक्रार नाही, अट पूर्ण झाली आहे. मीही तेच म्हणाले, जरा जोरातच म्हणाले. मावशीनं आमच्याकडे बघितलं.

"हात नसता तर त्यांना घेऊन खाली गेले असते," ती म्हणाली. "बॅटरी माझ्या पायावर धरली असती तर वाचले असते, पण मग ते पडले असते. दोन माणसं आणि एक बॅटरी. त्यातलं एक तरी पायांच्या भरवशावर चालणारं पाहिजे."

ती खिडकीवर बसायला लागली आणि हॉल माझ्याकडे आला. खिडकीवर तिचं बरं चाललं आहे. येणाऱ्या प्रत्येकाला ती कुठली पायरी फसवी आहे ते तिकिटाबरोबर फुकट सांगते, त्यामुळे रांग लांबते आणि साहेब वैतागतात. मला तिनं शिकवायला घेतलं तेव्हा भाची म्हणून जरासुद्धा सूट दिली नाही. डोळे मिटून वरपासून खालपर्यंत, चुकलं की पुन्हा वरून. ती स्वतः पहिल्या रांगेत बसून माझ्या पावलांच्या आवाजावरून चुका काढायची. इंजेक्शनं चालू आहेत. अंगठा वर की खाली हे तिला आता कधीकधी बरोबर सांगता येतं. अंदाजानं का खरंच, ते ती सांगत नाही.

संध्याकाळच्या शोला दुसरा माणूस असतो, त्यामुळे आम्ही दोघी बरोबर घरी येतो. वाटेत कोपऱ्यावरचा दिवा बरेच दिवस बंद आहे. पहिल्या दिवशी तिथे पोचलो तेव्हा काळोख पडत होता. तिनं माझ्या दंडाला एक बोट टेकवलं, भार न टाकता. मी पिशवीतून बॅटरी काढली आणि तिनंच शिकवल्याप्रमाणे तिच्या पायाच्या अर्धं पाऊल पुढे उजेड धरला. ती चालेना. मी विचारलं, काय झालं, नियमाप्रमाणे धरलाय ना.

"पुढे नको," ती म्हणाली. "पायावर धर."

मी उजेड तिच्या मळक्या बुटांवर आणला. तिनं खाली बघितलं, एक पाय उचलला, टेकवला, मग दुसरा, आणि आम्ही घरी आलो.